बुरूड राजाचे सूप

आश्विन अमावास्येच्या मध्यरात्री सूप आणि डिमडिम वाजवीत घरातल्या अलक्ष्मीला अंगणाबाहेर घालवून द्यावे, असे आपल्या जुन्या धर्मग्रंथांनी सांगून ठेवले आहे. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहण्याची चाल तर अजून घरोघर आहे. या दोन चालींकडे जरा निरखून पाहिले म्हणजे एक मौज ध्यानात येते. व्यापाऱ्याने या दिवशी वही पुजली, तराजू पुजला. पण घरातल्या बाईने पुजली ती केरसुणी, आणि वाजवले ते सूप. या दोन्ही वस्तूंचे काम एकच : नको ते हवे त्यापासून वेगळे काढणे.

सुपाचा मान एवढ्यावरच थांबत नाही. मूल जन्माला आले की पाचवीला त्याला सुपात निजवतात. कोकणात नव्या सुनेचा पहिला ओवसा गौरीपुढे येतो तो सुपांतूनच. समारंभ आटोपला की त्याचे सूप वाजले असे आपण म्हणतो, आणि दुसऱ्याच्या संकटाला हसणाऱ्याला जात्यातल्या नि सुपातल्या दाण्यांची आठवण करून देतो. भाषेत आणि आचारात इतकी खोल शिरून बसलेली ही वस्तू नुसते स्वयंपाकघरातले एक भांडे असेल, हे पटत नाही. एकमेकांत मिसळून गेलेले जिन्नस वेगळे काढण्याची कला शेतीइतकीच जुनी आहे, आणि तिचा इतिहास हा हातांचा इतिहास आहे. बखरकारांनी तो लिहिला नाही. तो सापडतो खळ्यावर, सोनारआळीच्या गटारात, खाणीच्या तोंडाशी आणि आपल्या मोरीच्या कोपऱ्यात. दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे घेऊन आज त्याचीच थोडी हकीकत वाचकांपुढे ठेवावी म्हणते.

मी राहते ती एव्हरशाईन सिटी वसई पूर्वेची. इमारतीला इमारत लागून उभी, आणि स्वयंपाकघरे अशी की त्यांत सूप टांगायला खुंटी नाही. तांदूळ निवडून, पाखडून, पिशवीत बंद होऊन येतो. पण वसई रोडच्या पुढचेच स्टेशन नालासोपारा, आणि त्याच्या पश्चिमेला सोपारे गाव. हेच प्राचीन शूर्पारक. पाली ग्रंथांत त्याला सुप्पारक म्हटले आहे. ग्रीक खलाशांच्या वर्णनांतही हे बंदर सुप्पारा या नावाने येते. परशुरामासाठी सागराने मागे सरून जी भूमी दिली ती शूर्पारक, अशी कथा महाभारतात आहे. नावाची व्युत्पत्ती पंडितांनी कशीही लावावी. आपल्या कानाला मात्र पहिल्याच दोन अक्षरांत शूर्प, म्हणजे सूप, ऐकू येते.

या सोपाऱ्याला एक मोठे टेकाड होते. गावचे लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. बुरूड म्हणजे बांबू चिरून सुपे, टोपल्या, रोवळ्या विणणारा कारागीर. त्याला राजा कोणी केले आणि केव्हा, हे त्या नावाने सांगितले नाही. पण सुपाच्या नावाचे गाव आणि सूप विणणारा राजा ही जोडी लोकांनी अगदीच उगाच जमवली असेल असे मला वाटत नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड उकरले. तो कोट नव्हता; विटांनी बांधलेला बौद्ध स्तूप होता. त्याच्या पोटात विटांची एक कोठडी निघाली, तिच्यात दगडी करंडक, आणि त्या करंडकात तांब्याची डबी. तांब्याच्या डबीत चांदीची, चांदीच्या डबीत दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सर्वांच्या आत सोन्याची. भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती आणि सोन्याची फुले.

आता त्या सोन्याच्या डबीत काय असावे? हिरा? माणिक? नाही. तिच्यात होती मातीच्या भांड्याची चिमुकली खापरे. ती भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राची असावीत, असे भगवानलालांनी मानले. हे सारे अवशेष पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले.

ही खापरे मला या विषयाची गुरुकिल्लीच वाटतात. रस्त्यावर पडली असती तर कोणीही ती केरात लोटली असती. इथे त्यांच्यासाठी सोन्याची डबी घडवली गेली. सार काय आणि फोल काय, हे वस्तूवर लिहिलेले नसते, ते माणूस ठरवतो. एकदा ते ठरले की मग उरतो तो प्रश्न : या दोहोंना वेगळे कसे काढावे?

सुपापासूनच सुरुवात करू. बाई सूप हातात घेते तेव्हा ती एकच क्रिया करीत नाही. ती पाखडते, म्हणजे धान्य वर उडवून झेलते आणि झेलता झेलता सुपाचे तोंड किंचित खाली करते. ती घोळते, म्हणजे सूप गोल गोल फिरवून धान्याला गिरकी देते. मध्येच सुपाला बारीक हिसका देऊन ती सरलेला माल पुढे आणते. या तीन हालचालींत तीन नियम लपलेले आहेत. दाणा भरीव असतो. तूस पोकळ आणि पसरट असते. वजनाच्या मानाने तुसाचे अंग हवेला फार मोठे सापडते, म्हणून ते तरंगत बाहेर जाते आणि दाणा सरळ खाली येतो. घोळताना लहान कण मोठ्यांच्या सांधींतून खाली घसरतात आणि मोठे जाडेभरडे वर येऊन बसतात. हिसका दिला की जड खडा मागे रेंगाळतो आणि हलका माल पुढे सरकतो. सुपाला तीनच काठ आणि पुढचे तोंड उघडे का, याचे उत्तर इथे आहे. चौथा काठ असता तर ती टोपली झाली असती.

हेच काम मोठ्या प्रमाणावर खळ्यात होते. मळणी झाली की शेतकरी वाऱ्याची वाट पाहतो. उंच तिवईवर उभे राहून एकाने टोपलीतून धार सोडायची आणि दुसऱ्याने खाली पडणाऱ्या राशीवरून केरसुणी फिरवायची. जवळ पडते ते भरलेले धान्य, त्याच्या पलीकडे पोचट दाणे, सर्वांत दूर भुसा. वाऱ्याने स्वतःच प्रतवारी लावून दिलेली असते. चीनमध्ये हान राजवटीच्या काळी, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, या वाऱ्याची वाट पाहण्याचा कंटाळा येऊन लोकांनी हाताने फिरवायचा पंखा पेटीत बसवला; त्या यंत्राच्या मातीच्या प्रतिकृती तिथल्या थडग्यांत मिळाल्या आहेत. युरोपात हे यंत्र रुळायला अठरावे शतक उजाडावे लागले. आमच्याकडे मात्र सूप आणि वारा यांच्यावरच बराच काळ भागले.

भातापुरते बोलायचे तर या साऱ्या खटाटोपात फेकून देण्याजोगे जवळजवळ काही निघत नसे. उखळात सडलेले भात पाखडले की तूस, कोंडा, कणी आणि अख्खा तांदूळ अशा चार वाटा होत. तूस चुलीला आणि राखेला, कोंडा गाईम्हशींना, कणी पेजेला नि घावनाला, आणि तांदूळ पानात. वेगळे करणे म्हणजे टाकून देणे नव्हे. ज्याचे त्याचे घर दाखवणे होय. आजच्या भाषणांतून जे मोठ्या शब्दांत सांगितले जाते, ते त्या घरधनिणीला कोणी शिकवावे लागले नव्हते.

सुपाची धाकटी बहीण चाळण. सूप वजन आणि आकार दोन्ही पाहते, चाळण फक्त आकार पाहते. दिवाळीच्या आधी आठ दिवस कोणत्याही घरात डोकावले तर तिचे राज्य दिसते : गव्हाची चाळण निराळी, रव्याची निराळी, मैद्याची निराळी. अनारशाचे पीठ बारीक चाळणीतून गेले नाही तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो, अशी सुगरणींची तक्रार असते. वैद्यांनी तर चाळणीचीही परिसीमा गाठली. चूर्ण कापडातून गाळायचे, आणि त्याला नाव ठेवले वस्त्रगाळ. गंमत एवढीच की चाळण आपले काम करून मोकळी होते. वरचे घ्यायचे की खालचे, हे ती सांगत नाही. पीठ चाळताना आपण खालचे घेतो आणि वरचा कोंडा बाजूला काढतो. वाळू चाळून खडी काढणारा गवंडी वरचे घेतो. सोपाऱ्याच्या खापरांची गोष्ट इथेही आहेच.

चाळणीचा आणि पाण्याचा आधार आता पुराणवस्तुसंशोधकही घेतात. पुणे जिल्ह्यातील घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्या कामातली मोठी नावे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांतून जव, गहू अशा धान्यांचे जळून कोळसा झालेले दाणे हाती आले. असले दाणे मातीतून काढायची एक फार साधी युक्ती आहे. माती पाण्यात सोडायची. माती बुडते, कोळसा झालेला दाणा तरंगतो, आणि तो बारीक चाळणीवर अलगद टिपता येतो. ज्या बाईने तो दाणा कधीकाळी पाखडला असेल तिचे नाव गेले, गाव मातीखाली गेले. पण दाणा उरला, आणि तिच्याच विद्येने तो पुन्हा वेगळा निघाला.

इथे वाऱ्याची जागा पाण्याने घेतली. तीही आपल्या घरातलीच विद्या. तांदळात खडे असले तर बाई ते रोवळीत किंवा पातेल्यात घेऊन पाण्यात हलकेच हिंदकळते आणि पाण्याबरोबर तांदूळ दुसऱ्या भांड्यात उतरवीत जाते. शेवटी तळाशी राहतात ते खडे. याला तांदूळ रोळणे म्हणतात. जो खडा तांदळाएवढाच दिसतो, त्याच रंगाचा असतो आणि म्हणून डोळ्याला नि चाळणीला दोघांनाही फसवतो, तो पाण्याला फसवू शकत नाही. कारण तांदळापेक्षा तो दुपटीच्या जवळपास जड असतो. रोळण्याची ही क्रिया नीट ध्यानात ठेवावी. हिच्याच जोरावर जगातले पुष्कळसे सोने मातीतून बाहेर आले आहे.

सोने पाण्याच्या एकोणीस पट जड; साधी वाळू अडीच-पावणेतीन पट. एवढा मोठा फरक असल्यावर पाण्याला फारसे काही करावे लागत नाही. काळ्या समुद्राच्या काठच्या कोल्किस देशात लोक झऱ्यांत मेंढीची लोकरी कातडी आंथरून ठेवीत. वाळू वाहून जाई आणि सोन्याचे कण केसांत अडकून राहत. ग्रीकांच्या सुवर्णलोकरीच्या कथेचे मूळ या रिवाजात असावे, असे स्ट्रॅबो या प्राचीन भूगोलकाराने नोंदवले आहे. जर्मनीतल्या ॲग्रिकोला या वैद्याचा खाणविद्येवरचा लॅटिन ग्रंथ १५५६ साली छापला गेला. त्यात चाळण्या, पन्हळी, धुण्याचे हौद यांची चित्रे इतकी बारकाईची आहेत की ती पाहून आजही सुताराने हौद बांधावा. हा ग्रंथ इंग्रजीत आणला तो १९१२ साली खाणींचे इंजिनिअर हर्बर्ट हूव्हर आणि त्यांच्या पत्नी लू यांनी. हेच हूव्हर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

पण सोने धुणाऱ्यांची आपली नोंद ॲग्रिकोलाहून कितीतरी जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या सुवर्णशाळेत येणाऱ्या-जाणाऱ्या कारागिरांची यादी आहे. त्यांचे कपडे आणि हात तपासूनच त्यांना आत-बाहेर सोडावे, असा दंडक घातला आहे. त्या यादीत एक नाव आहे पांसुधावक, म्हणजे धूळ धुणारा. पाली वाङ्मयातही हा धूळ धुणारा भेटतो. बुद्धाने मनाच्या शुद्धीला त्याचीच उपमा दिली आहे. तो माती द्रोणीत घालून धुतो. आधी मोठे खडे जातात, मग बारीक खडे आणि जाड वाळू, मग बारीक वाळू आणि काळी धूळ. शेवटी सोन्याची रेती उरते तेव्हाच सोनाराच्या मुशीची पाळी येते. मनातले मोठे दोष आधी, बारीक मागाहून. ज्या कामगाराचे कपडे अर्थशास्त्राने झडती घेऊन तपासले, त्याच्याच कामात बुद्धाला साधनेची पायरीन्‌पायरी दिसली! एकाच माणसाकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा आपल्या देशात आजवर शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

हा पांसुधावक नाहीसा झालेला नाही. महाराष्ट्रात त्याला झारेकरी किंवा सोनझारी म्हणतात. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली ग्रंथ लिहिला. त्यात नद्यांची वाळू आणि सोनारांच्या दुकानांतला केर धुऊन पोट भरणाऱ्या सोनझाऱ्यांची माहिती आहे. सोनार दागिना कानशीने घासतो तेव्हा सोन्याचा कीस उडतो. पुष्कळसा तो परत गोळा करतो. पण थोडा कपड्यांना, पायांना, केराला चिकटून बाहेर पडतोच. सराफकट्ट्यावरची धूळ आणि गटारातला गाळ झारेकरी उचलतो. उथळ लाकडी पात्रात तो गाळ घेऊन त्याला तसाच हिंदकळा देतो, जसा बाई तांदळाला देते. काळा चिखल वाहून जातो आणि तळाशी जड कण राहतात. त्यांत लोखंडाचाही कीस असतो. तो लोहचुंबकाने टिपून घेतात. उरलेल्या काळ्या रेतीत सोने इतके बारीक असते की ते डोळ्यालाही दिसत नाही आणि पाण्यालाही धरता येत नाही. तिथे पारा येतो. पारा सोन्याला चटकन मिठी मारतो, वाळूला शिवत नाही. तो गोळा फडक्यातून पिळला आणि तापवला की पारा वाफ होऊन जातो आणि सोने मागे राहते.

पारा जातो, पण जातो कोठे? तापवणाऱ्याच्या छातीत. हाताचा कंप, स्मृतीचा ऱ्हास, मूत्रपिंडाचे विकार ही पाऱ्याच्या वाफेची देणगी. जपानमधल्या मिनामाता गावात पाऱ्याच्या विषाने जो अनर्थ झाला, त्याचे नाव घेऊन २०१३ साली देशोदेशींनी पाऱ्यावर निर्बंध घालणारा करार केला. भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. सराफाच्या पेढीवर चमकणाऱ्या चिपेत गटारातल्या त्या बोटांचा वाटा असू शकतो. पाडव्याला ओवाळणीत पडणारे सोने अंगावर घालताना तो कोणी आठवत नाही.

सोने दुर्मिळ म्हणून त्याची गोष्ट रंगते. पण विदर्भात हीच विद्या टनांनी चालली. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाल्या : मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग. पोलाद टणक करायला मँगनीज लागते, आणि नागपूर प्रांतातला हा काळा दगड आगबोटींतून परदेशी जाऊ लागला. खाणीतून निघालेल्या दगडात चांगला धोंडा कोणता आणि पोकळ कोणता, हे ठरवण्याचे यंत्र पुष्कळ काळ एकच होते : हातोडी घेऊन उन्हात बसलेली बाई. ती दगड फोडायची, हातावर तोलायची, रंग पाहायची आणि दोन ढिगांत टाकायची. तिच्या तळहाताला विशिष्ट गुरुत्व कळत होते. हा शब्द मात्र तिने कधी ऐकला नसेल.

बारीक मालासाठी पुढे जिग नावाचे यंत्र आले. चाळणीचा तळ असलेल्या पेटीत खनिज घालायचे आणि खालून पाणी धक्क्याधक्क्याने वर उचलायचे. दर धक्क्याला सारा थर क्षणभर अधांतरी होतो. खाली येताना जड कण पुढे धावतात, हलके मागे राहतात. असे हजारदा झाले की जड तळाला आणि हलके वर, असे दोन थर लागतात. म्हणजे पुन्हा आपली रोवळीच, फक्त तिला इंजिन जोडलेले. १९६२ साली या खाणींसाठी सरकारी भागीदारीची मँगनीज ओर इंडिया ही कंपनी झाली. तिचे मुख्य ठाणे नागपूरला आहे.

आणि जिथे वजनही सारखे, आकारही सारखा, तिथे? तिथे आणखी सूक्ष्म फरक शोधावा लागतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे. तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज सापडते. पांढऱ्या रंगाचा मूळ घटक त्यातून निघतो. जबर लोहचुंबकाकडे ते ओढले जाते, साधी वाळू ढिम्म राहते. ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल येथे विसाव्या शतकाच्या प्रारंभी दुसरी युक्ती रुळली. खनिजाची पूड तेल घातलेल्या पाण्यात घुसळायची आणि खालून हवा सोडायची. ज्या कणांना पाणी भिजवीत नाही ते बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. भिजणारे कण तळाशी जातात. जड शिसे तरंगते आणि हलकी माती बुडते, असा उलटा चमत्कार! पण चमत्कार नव्हे. फरकाचे ठिकाण बदलले, एवढेच.

शाळेत सातवीच्या वर्गाला हा धडा शिकवताना मी मीठ, वाळू आणि लोखंडाचा कीस एकत्र कालवून टेबलावर ठेवते आणि विचारते, “काढा वेगळे!” मुले लगेच पाण्याकडे धावतात. एकदा एक मुलगी म्हणाली, “बाई, आधी लोहचुंबक फिरवू या. एकदा का ओलं झालं की कीस वाळूला चिकटून बसेल.” मग तिने मीठ पाण्यात विरघळवले, वाळू गाळून काढली आणि पाणी बशीत ओतून बशी उन्हात ठेवली. घरी कोणी सांगितले म्हणून विचारले, तर म्हणाली, “सांगायला कशाला पाहिजे? आमच्याकडे मीठ तसंच पिकतं.” वसईच्या मिठागरांच्या परिसरातले मूल, उन्हाने पाणी उचलले की मीठ मागे राहते, हे तिने जन्मापासून पाहिलेले. पण मला त्या उत्तरातला ‘आधी’ हा शब्द अधिक आवडला. सर्व युक्त्या ठाऊक असूनही क्रम चुकला तर काम फसते. कोरडे असते तोवर जे दोन मिनिटांचे असते, ते ओले झाल्यावर दोन दिवसांचे होते, आणि कधी कधी होतच नाही.

हा ‘आधी’ आपल्या वसई-विरारला आता पुरता भोवतो आहे. महानगरपालिका झाली २००९ साली, पालघर जिल्हा झाला २०१४ साली. माणसे वाढली, घरे वाढली, आणि त्यांच्याबरोबर केर वाढला. वसई पूर्वेला गोखिवऱ्याच्या बाजूस त्याचे डोंगर साठत आले. वर्षानुवर्षे साचलेल्या अशा डोंगरांना फोडायची जी रीत आहे, ती वाचकांनी पाहिली तर त्यांना ओळखीची वाटेल. भलीमोठी लोखंडी नळकांडी, अंगभर भोके असलेली, आडवी फिरत राहते. माती खाली गळते, जाड माल पुढे जातो : ती चाळण. पुढे पंखा प्लास्टिकचे हलके कागद उडवतो : ते सूप. पट्ट्यावर लोहचुंबक लोखंड उचलतो : तो सोनाराचा लोहचुंबक. बुरूड राजाचे सगळे दरबारी तिथे हजर आहेत. फक्त जे काम घरात एका डब्याऐवजी दोन डबे ठेवून फुकटात झाले असते, त्याला आता लक्षावधी रुपये आणि वर्षे लागतात. आणि तरीही भाजीच्या पाण्यात भिजून कुजलेला कागद पुन्हा कागद होत नाही.

यंत्र पोचण्याआधी तिथे हात पोचलेले असतातच. ओल्या कचऱ्यातून काच, पत्रा, बाटली वेचणारी बाई आणि मनसरच्या खाणीवरची बाई यांत फारसा फरक नाही. फुटकी काच आणि इंजेक्शनची सुई यांची भीती हिला जास्त, एवढेच. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ साली या कष्टकऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि २००८ साली त्यांतूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पुणे महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. कचरा वेचणे हे भीक मागणे नव्हे, ते काम आहे, त्याला ओळखपत्र आणि मोबदला हवा, हे त्या बायांनी वदवून घेतले. २०१६ साली केंद्र सरकारच्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असा तीन प्रकारचा कचरा घरातच वेगळा करणे हे घरमालकाचे कर्तव्य ठरवले. कौटिल्याने झडती घेतली होती; इथे कायद्याने बोट दाखवले ते कचरा मिसळणाऱ्याकडे.

मिसळायला अक्कल लागत नाही. वारा, पाणी, घाई आणि आळस ही चौकडी सगळ्या जगाला दिवसरात्र मिसळीत असते. वेगळे करायला मात्र डोळा लागतो, धीर लागतो, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंत तिसऱ्याला न दिसलेला एक फरक शोधावा लागतो. तो सापडला की जोर लावावा लागत नाही. एक फुंकर, एक हिंदकळा, एक हिसका पुरतो. मानवाने मोठाली यंत्रे केली, पण या मूळ विचारात सुपापुढे तो कोठे गेला आहे असे दिसत नाही. हा विचार ज्यांनी प्रथम केला त्या बायका, त्या बुरुडांची घरे, ते पांसुधावक यांच्या वाट्याला मात्र सोन्याची डबी आली नाही. त्यांच्या वस्तूची आपण पूजा केली आणि त्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले.

या लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहाल, तेव्हा एवढेच करावे. फराळाच्या डब्यांची वेष्टणे, फटाक्यांचे कागद, पणत्यांची खापरे आणि पानांवरचे उष्टे एकाच पिशवीत कोंबू नये. फुटकी काच कागदात गुंडाळून त्यावर ठळक लिहावे. सकाळी दाराशी जी बाई येईल, तिच्या हाती दोन निरनिराळे डबे द्यावेत, आणि जमल्यास एक करंजीही. अलक्ष्मीला घालवायला मग सूप फार जोराने वाजवावे लागणार नाही.